पडीक कोणी म्हटले?

वाचकहो, गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याही शिवारात अनोळखी माणसे हिंडताना तुम्ही पाहिली असतील. पायांत बूट, हातात मोबाइल आणि काखेत गावचा नकाशा. ही माणसे विहिरीचे पाणी पाहत नाहीत की मातीचा पोत पाहत नाहीत. विजेच्या उपकेंद्रापासून जागा किती लांब, सपाट आहे की चढाची, आणि कागदावर तिला काय म्हटले आहे, एवढेच विचारतात. कागदावर ‘पडीक’, ‘गायरान’ किंवा ‘सरकारी’ असे निघाले की त्यांचा चेहरा खुलतो. सोलरच्या प्लेटा मांडायला अशी जागा फार सोयीची. दहा भावांच्या सह्या नकोत, वारसाचे भांडण नको. मालक एकच, आणि तो मुंबईला.

मी धानपट्ट्यातली बाई आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडे माझे सासर, आणि माहेर गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या बाजूला. घरी चार एकर धान, एक बोडी, बैलजोडी, एक गाय आणि पाच-सहा शेळ्या. ‘पडीक’ या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

आमच्या गावचे आखर, म्हणजे सकाळी सगळ्या घरची ढोरे सोडून जेथे गोळा करतात ती जागा, तेथून मामा तलावाच्या पाळीपर्यंत मुरमाड माळ पसरला आहे. काही भाग कागदावर गायरान, काही ‘झुडपी जंगल’. मे महिन्यात पाहाल तर खरेच काही दिसणार नाही. दगड, वाळकी काडी आणि चारदोन मोहाची झाडे. पण मृगाचे दोन पाऊस पडू द्या. तरोट्याची कोवळी पाने निघतात, ती आठ-दहा दिवस गावाची भाजी असते. मग सात्या उगवतात, कुड्याला शेंगा लागतात. शिंदीच्या फडांचे झाडू करून दोन म्हाताऱ्या बाजारात विकतात. मोहफुलांचे दिवस आले की पहाटे टोपल्या घेऊन बायका तेथेच. पोळ्याला बैलांचे तोरण तेथेच लागते, आणि ज्याच्याकडे शेत नाही त्याच्या माणसाला अग्नीही तेथेच मिळतो. शेत असलेल्यांना हा माळ म्हणजे जोडधंदा आहे. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्यांच्या दोन शेळ्यांचे ते शेतच आहे.

एक पोरगा माप घ्यायला आला होता. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, आणि पोरगा वाईटही नव्हता. मी शेणी वेचत होते. तो म्हणाला, “काकू, इथे तर काहीच नाही.” मी म्हटले, “बेटा, उन्हाळ्यात आलास म्हणून. श्रावणात ये, जेवायला तरोट्याची भाजी वाढते.” तो हसला आणि नकाशावर काहीतरी खूण करून गेला. ती खूण काय होती ते आम्हाला दोन महिन्यांनी कळले. पंचवीस एकर, पाच मेगावॅट. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, हे गणित आता आमच्या शाळेतल्या पोरांनाही येते.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई विजेच्या विरोधात दिसते. तसे मुळीच नाही. उलट दिवसाची वीज आमच्याइतकी कोणाला हवी असेल? चंद्रपूर जिल्ह्यात रात्री पाणी द्यायला शेतात जाणे म्हणजे काय, ते पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगून कळायचे नाही. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, आणि बांधीच्या पाळीवर वाघाचा पंजा उमटलेला. घरधनी परत येईपर्यंत मी चुलीपाशी बसून राहते, झोप कसली येते? म्हणून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजना निघाली तेव्हा बरे वाटले. गावाजवळच्या उपकेंद्राशी सौर प्रकल्प जोडायचा आणि कृषिपंपांना दिवसा वीज द्यायची, हा विचार चांगलाच आहे. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. कोणी खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षे. आमच्या पंचायतीने आयुष्यात एवढी रक्कम एकदम पाहिलेली नाही. सरपंचांना मोह पडला तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण आमच्या गावच्या ढोरक्याने एका वाक्यात सगळे हिशेब उलटे केले. तो म्हणाला, “प्लेटा आखरावर आल्या त मी ढोरं कोठी नेऊ बाई? वाघाच्या तोंडात?”

वाचकहो, हे वाक्य नीट ऐका. गावाजवळचा चराईचा माळ कुंपणात गेला की ढोरे काही उपाशी उभी राहत नाहीत. ती जंगलाकडे वळतात, आणि त्यांच्यामागे माणूस जातो. आमच्या भागात जंगलात गेलेला माणूस परत येईलच असे नसते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपान तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाने एकाच दिवशी मारल्या. त्या हौसेने गेल्या नव्हत्या. म्हणजे पाहा, रात्री पाणी देणाऱ्याला वाघापासून वाचवायचे म्हणून प्लेटा आणायच्या, आणि त्या अशा जागी मांडायच्या की दिवसा ढोरे चारणारा वाघापुढे जावा. पाणी देणाऱ्याचे निदान शेत तरी असते. ढोरक्याचे काहीच नसते. त्याला ढोरामागे वर्षाचे धान मिळते, भाड्याच्या सव्वा लाखात त्याचा दाणाही नाही.

हे कोणी विचारात घेतले का, याचा शोध आम्ही घेऊ लागलो, तेव्हा एक गोष्ट कळली. ती सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. केंद्र सरकारची २००६ सालची एक अधिसूचना आहे. कोणत्या प्रकल्पाला पर्यावरणाची मंजुरी लागते त्याची यादी तिच्यात दिली आहे. कोळशाची खाण त्या यादीत आहे, औष्णिक वीज केंद्र आहे, मोठे धरण आहे. सौर आणि पवन वीज प्रकल्प मात्र नाहीत. आणि ज्याला ती मंजुरी नको, त्याला जनसुनावणीही नको. धूर नाही, राख नाही, मग विचारायचे काय, असा त्यामागचा विचार असावा. हवेपुरता तो बरोबर आहे. आमच्या जिल्ह्यालाच ते जास्त पटेल. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, तीत चंद्रपूर चौथे होते. काळी धूळ झाडून भाकरी खाणाऱ्याला उन्हाची वीज देवाचा प्रसाद वाटली तर नवल नाही. पण धूर नसला तरी जमीन लागतेच. खाणीसाठी निदान मांडव घालून, कलेक्टरसाहेबांच्या माणसासमोर लोकांना चार शब्द बोलू देतात. पंचवीस एकर चराई जाते तेव्हा तेवढाही मांडव नाही.

माझ्या माहेरची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १९८० च्या सुमारास गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे ठरली होती. दोन्ही धरणांतून वीज काढायची होती. बुडणार होते ते सिरोंचा-भामरागडकडचे आणि पलीकडच्या बस्तरचे जंगल, आणि त्यातली माडिया-गोंडांची गावे. त्या गावांत दिवा लागायची तेव्हा वार्ता नव्हती. लोक उठले. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ असे त्या आंदोलनाचे नाव होते. बाबा आमटे त्यात होते, छत्तीसगडकडचे लालश्याम शाह होते. बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना लिहिले. १९८४ साली त्यांचे उत्तर आले की, आदिवासींना घरदार सोडावे लागते याचे आपल्याला दुःख आहे, पण व्यापक हितासाठी कधी कधी दुसरा इलाज नसतो. माझ्या वडिलांना हे कोणीतरी वाचून दाखवले होते. ते एवढेच म्हणाले, “व्यापक म्हणजे कोण, ते विचारा.” ती दोन्ही धरणे झाली नाहीत.

मग आज हे उकरून का काढते? तर २०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही ‘नवीकरणीय ऊर्जा’ ठरवले, म्हणजे उन्हा-वाऱ्याच्या पंक्तीला बसवले. धरण तेच, बुडणारे गाव तेच. फक्त १९८४ साली त्याला धरण म्हणत आणि आज तोच आराखडा आला तर त्याला हिरवी वीज म्हणतील. हिरव्या रंगाला विरोध करणारा माणूस फार वाईट दिसतो, हे मी आमच्याच गावात अनुभवले. “काकू, तुम्हाला प्रगती नको का?” असे मला भर चावडीत विचारले गेले.

त्या आंदोलनातून माघारी आलेल्या गावांपैकी एक म्हणजे धानोरा तालुक्यातले मेंढा, लेखाजवळचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. घोषणा देणे सोपे असते. मेंढ्याने अवघड काम केले. गावातला प्रत्येक निर्णय सगळ्यांच्या एकमताने घ्यायचा, बायका-पुरुष दोघांनी बसायचे, आणि निर्णय घेण्याआधी अभ्यास गटात कायदा वाचायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढ्याचे लोक तयार होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्याच हाती द्यायला २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले. आज गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळालेले आहेत. आमच्या जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्यांनी तर तेंदूपानाचा पैसा सोडून दिला, कारण त्यासाठी झाडे छाटतात आणि आग लावतात. अशा गावाकडे प्लेटा घेऊन जाणाऱ्या माणसाला आधी ग्रामसभेपुढे बसावे लागेल. आमच्या गावाकडे मात्र ना वनहक्काचा कागद, ना पेसा कायद्याचे संरक्षण, कारण आम्ही अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर.

इतरत्र काय घडले तेही थोडक्यात सांगते. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात भीमाशंकरजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या. हे जंगल दाट आहे, येथे शेकरू राहतो, असा प्रतिकूल अभिप्राय तेथल्या वनक्षेत्रपालाने दिला होता. वरच्यांनी तो बाजूला ठेवला, आणि पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरावर जाणाऱ्यांची वाट अडली. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात हे लिहून ठेवले आहे. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील तर तुम्हाला आठवत असतील. त्यांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली. आधी औष्णिक म्हणाले, मग तेथे सौर करायचे ठरले. मोबदला शेजाऱ्याला किती आणि आपल्याला किती, हे विचारत म्हातारा कचेऱ्या झिजवत राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष प्यायला. काही दिवसांत तो गेला. कोळसा जाऊन ऊन आले, म्हाताऱ्याची फाइल तीच राहिली.

म्हणून आम्ही काय केले ते सांगते. पहिल्यांदा बायकांनी आपली सभा मागितली. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. आमच्याकडे ती वर्षानुवर्षे वहीतच होत असे. या वेळी आम्ही खरोखरच बसलो, समाजमंदिरात, रोवणी आटोपल्यावर. माळावरून घरात काय काय येते ते एकेकीने सांगितले आणि एका सुनेने लिहून घेतले. चार पाने झाली. ढोरक्याला बोलावून गुरे-शेळ्या मोजल्या, त्या दोनशेच्या वर निघाल्या. कोणत्या महिन्यात ढोरे कोठे चरतात तेही त्याने काडीने जमिनीवर आखून दाखवले. शाळेच्या गुरुजींनी तो नकाशा कागदावर उतरवला.

दुसरे, निस्तार पत्रक. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा असेल. मालगुजारीच्या काळापासून आमच्याकडे प्रत्येक गावाचे असे एक पत्रक असते. ढोरे कोठे चारायची, सरपण कोठून आणायचे, मुरूम-माती कोठली घ्यायची, स्मशान कोणते, हे त्यात लिहिलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ते मान्य केले आहे. ज्या जागेला आज कोणी ‘पडीक’ म्हणतो, तिला आजोबांच्या वेळच्या कागदात काय म्हटले आहे, ते पाहायला हवे. तुमच्याही गावाचे पत्रक असेल. एकदा काढून पाहा.

तिसरे म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत या नावाखाली ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे. ती वन आहे की महसूल, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी सांगितले की ती वनच मानायची. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या घरा-शाळांच्या जागा तेवढ्या सांभाळून घेतल्या. म्हणजे झुडपी जंगलात कोणाला प्लेटा मांडायच्या तर आता वनजमीन वळवण्याची केंद्राची परवानगी लागणार. दुसऱ्या बाजूने, वनहक्क कायद्यात वनजमिनीची व्याख्या मोठी आहे, सीमा न आखलेली जमीनसुद्धा तीत येते. तेव्हा चराईचा सामूहिक दावा आमच्यासारख्या गावालाही करता येतो. फक्त आम्ही आदिवासी नसल्यामुळे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो.

येथे एक खाचखळगा आहे. वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राने २००९ च्या ऑगस्टमध्ये परिपत्रक काढले होते. २०१३ साली ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही निर्णय ग्रामसभांपुढे ठेवला, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटले. पण त्याच वर्षी रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट कामांना या संमतीतून सूट मिळाली. आणि २०२२ च्या नियमांनंतर क्रम उलटा झाला. आधी केंद्राची मंजुरी, मग वनहक्कांची पूर्तता राज्याने पाहायची. लग्न लावून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे आहे हे. म्हणून दावा आधीच दाखल असलेला बरा. मंजुरीचा कागद आल्यावर धावाधाव करून हाती काही लागत नाही.

आमचे म्हणणे नकाराचे नाही, हे सरपंचांनाही आता पटले आहे. तलावाच्या पलीकडे एकाची बरड जमीन आहे, त्यात धान कधी धड होत नाही, आणि तो भाड्याने द्यायला राजी आहे. उपकेंद्रापासून ती दीड किलोमीटर जास्त लांब पडते, म्हणून कंपनीच्या माणसांनी नाक मुरडले. राइस मिलच्या छपरांवर कोणी बसवत नाही. आणि मला नेहमी वाटते, चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूला कोळसा काढून झालेल्या खाणींचे मातीचे ढिगारे आहेत, एवढी जमीन आधीच खराब करून ठेवली आहे, तेथे आधी प्लेटा का मांडू नयेत? त्या ढिगाऱ्यावर कोणाची गाय चरत नाही. हे बोलून दाखवले तर म्हणतात, काकू, ढिगारा खचतो, शिवाय तेथून तुमच्या उपकेंद्राला वीज येणार नाही. दोन्ही गोष्टी असतील खऱ्या. पण तेथला हिशेब कोणी करून तरी पाहिला आहे का?

माळाच्या बारा एकरांवर प्लेटा उंच खांबांवर बसवाव्या, खालून शेळ्या जाव्या, असा एक मधला मार्गही एका पोराने काढला आहे. खांबाचा खर्च वाढतो म्हणून त्यावर उत्तर आलेले नाही. ढोरक्याला ते मान्य नाही. तो म्हणतो, शेळी जाईल, बैल शिंग मारील.

मुख्य ग्रामसभा पोळ्यानंतर आहे. निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज देऊन दीड महिना झाला. बाबू म्हणतात, जुने दप्तर शोधावे लागेल. परवा मी आणि त्या सुनेने पुन्हा जायचे ठरवले आहे. डबा बरोबर घेऊन, म्हणजे दुपारच्या सुट्टीतही तेथेच बसून राहता येईल.